मेणाचा दोरा आणि साडेसातशे वॅट

संगणक पुन्हा बंद पडला तेव्हा धाकटीने मूठ आपटली नाही, की देवाला बोल लावला नाही. काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत ती बसून राहिली. आतले पंखे हळूहळू थांबले आणि घर इतकं शांत झालं, की पलीकडच्या खोलीत आईने कूस बदलली तेही ऐकू आलं.

“मेलं का ते?” आईने तिथूनच विचारलं.

“बंद पडलंय. मेलं नाही.”

“ह्यांच्या आवाजाबद्दल डॉक्टरही पहिल्यांदा असंच म्हणाले होते.”

आईचं बोलणं असंच. दुःखाला चिमटा काढल्याशिवाय तिला ते उचलताच येत नसे.

आता ही भानगड काय, ते आधी सांगायला हवं. बाबा पुस्तकं बांधायचे. आयुष्य गेलं सुई, मेण लावलेला दोरा, पुठ्ठा आणि सरस यांत. त्याच लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटी संगणकावर पुस्तकांची पानं लावायची. पानं तिची, शिवण त्यांची. गळ्यात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा धाकटीने रोज सकाळी त्यांना माइकपुढे बसवून वाक्यं वाचून घेतली. साधी वाक्यं, लांब वाक्यं, प्रश्न, आकडे, रागावणं, हसणं. ती ऐकून संगणकाने बाबांच्या आवाजाची चाल शिकायची. मग बाबांनी काहीही टाइप करावं आणि ते त्यांच्याच आवाजात ऐकू यावं, असा बेत होता. एकदा शिकून झालं की बोलायला साधा फोनही पुरतो. शिकायला मात्र दांडगं यंत्र लागतं, म्हणून तिने संगणकात एक मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला, माणूस राहिला. घरात सगळ्यांनी हात जोडले.

आईची नजर त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेली होती, हळूहळू, संध्याकाळ व्हावी तशी. आंधळ्याने लंगड्याला खांद्यावर घेतलं आणि लंगड्याने वाट सांगितली, ही गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पण त्या गोष्टीतल्या लंगड्याला तोंड होतं! इथे ज्याला वाट दिसत होती, त्याला ती सांगता येत नव्हती. बाबा पाटीवर लिहायचे. ते आईच्या काय कामाचं? शेवटी टेबलावर बोट वाजवायचं ठरलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

“मी सुतारपक्ष्याशी लग्न केलं नव्हतं हो,” आई म्हणायची. “आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. मी बापडी एक तोंड मागतेय, तेही दुसऱ्याचं.”

हसण्यावारी चाललं होतं तोवर चाललं. मग एका दुपारी सरसाचं भांडं शेगडीवर तापत होतं, आणि आई पाण्याचा पेला शोधत टेबलाशी आली. बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांना दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर पडली. ते धावले, खुर्ची पडली, पुठ्ठे पडले. ते पोचेपर्यंत आईचा तळहात भांड्यावर टेकला होता.

जखम भरून येण्यासारखी होती. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, बोटं आखडू देऊ नका, सतत काहीतरी चाळवत राहा. धाकटीने खणातली संगणकाच्या विजेची एक जास्तीची जुनी वायर तिच्या हातात दिली. आई दिवसभर तिची टोकं कुरवाळत बसू लागली.

पण बाबांच्या मनाला बसलेला चटका काही भरेना. ते आईपासून लांब बसू लागले. आणि परवा दादा, म्हणजे थोरला मुलगा, आला तेव्हा त्यांनी पाटी त्याच्यापुढे धरली: ‘हिला तुझ्याकडे ने. मी हिला हाक मारू शकत नाही.’

दादाने मान डोलावली. तो आज येणार होता, गाडी घेऊन.

* * *

“हे यंत्र तुझं कधीच पुरं व्हायचं नाही,” दादा दारातूनच म्हणाला. हातात आईचे कपडे न्यायला आणलेली मोठी बॅग होती. “आईची तयारी झालीय?”

“मला संध्याकाळपर्यंत वेळ दे.”

“अंधार पडला की मला गाडी चालवायला धड जमत नाही, माहितेय ना? आणि तुला संध्याकाळपर्यंत वेळ देऊन होणार काय? परवाही हेच म्हणत होतीस.”

“परवा मला कळलं नव्हतं काय होतंय ते. आज कळलंय. नुसतं पानं लावताना हा दिवसभर चालतो. शिकायला बसला, कार्डाने जोर धरला, की फट्. गरम होत नाही, कुरकुरत नाही, सरळ मान टाकतो. पॉवर सप्लाय अपुरा पडतोय.”

पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाच्या पोटातला तो पत्र्याचा ठोकळा. भिंतीतली वीज घ्यायची आणि ज्याला जेवढी सोसते तेवढी वाढायची, हे त्याचं काम. घरातल्या बाईसारखंच. सगळ्यांच्या पानात पडलं की नाही ते बघायचं, आणि कुणी अचानक जास्त मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

“आहे केवढ्याचा?” दादाने विचारलं.

“साडेचारशे वॅट. मी बेरीज केली होती रे. कार्डाचे सव्वादोनशे, प्रोसेसरचे सव्वाशे, बाकी किडूकमिडूक पन्नास. चारशे. बसायला हवं.”

दादा पंपांच्या कारखान्यात कामाला होता. तो हसला नाही, उलट बॅग खाली ठेवून जवळ आला.

“वेडे, पंप चालताना काय खातो ते त्याच्यावरच्या पाटीवर लिहितात. सुरू होताना काय खातो ते फ्यूज उडाला की कळतं. तुझं कार्ड झटके मारत असणार. पापणी लवायच्या आत दुप्पट मागत असणार. आणि हा म्हातारा ठोकळा किती वर्षांचा?”

“बरीच झाली.”

“मग? ज्वानीतलं साडेचारशे म्हातारपणी कुठून आणणार?”

“काय रे,” आई आतून ओरडली, “माझ्याबद्दल चाललंय का?”

दादाने घड्याळाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि किल्ल्या पुन्हा उचलल्या. “चल दुकानात. पण एक ठरलं. दिवेलागणीला मी आईला घेऊन निघणार. यंत्र बोलो, न बोलो.”

कोपऱ्यात बाबा एका पुस्तकाची पाठ घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पण त्यांचा हात थांबला होता, हे धाकटीला दिसलं.

* * *

दुकानदाराचा एक चष्मा नाकावर होता, दुसरा कपाळावर. गल्ल्याच्या मागे छतापर्यंत खोकी रचलेली होती. दादाने आल्या आल्या एक चकचकीत खोका उचलला.

“हा घे. आठशे! आणि चांगला स्वस्त आहे.”

“आठशे खोक्यावर आहेत साहेब,” दुकानदार म्हणाला. “अंगावर काय लिहिलंय तेही बघा एकदा.”

धाकटीने ठोकळा बाहेर काढून बाजूची पट्टी वाचली. कार्ड आणि प्रोसेसर ज्या बारा व्होल्टच्या ओळीवर जेवतात, त्या ओळीपुढे जेमतेम पाचशे लिहिले होते. उरलेले तीनशे इतर ओळींवर वाटलेले, ज्यांना या संगणकात कुणी विचारतही नव्हतं.

“म्हणजे दादा, दहा खोल्यांचं घर सांगायचं आणि त्यातल्या चार माळ्यावर,” ती म्हणाली.

“बरं. मग हजाराचा घे. रडगाणंच नको.”

“हजाराचा देईन की, मला काय!” दुकानदार हसला. “पण यांची भूक चारशेची, उसळली तर सहाशेची. चौघांच्या घरात पंगतीचं पातेलं कशाला?”

धाकटीने कागदावर पुन्हा बेरीज मांडली. घाई होती, पण तिला घाईने घ्यायचं नव्हतं. एकदा चुकलेली बेरीज माणसाला हळवी करते. चारशे रोजचे. झटक्याचे वरचे दोनशे. वयाने पुढे जी घट यायची तिला थोडी जागा. साडेसातशे. आणि ते सगळे बारा व्होल्टच्या ओळीवर मिळाले पाहिजेत, नुसते खोक्यावर नाहीत. दुकानदाराने शिडी लावून एक ठोकळा काढला. पट्टी चोख होती. कार्ड अचानक उसळलं तर सांभाळून घेईल, असंही त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

“अरे, हा तर आपल्या जुन्याच कंपनीचा,” दादा म्हणाला.

“मग काय, त्याचा थोरला भाऊ म्हणा,” दुकानदार म्हणाला, आणि दादाच्या छातीत उगीचच हवा भरली.

गाडीत बसताना ऊन कलतं झालं होतं. निवड चोख झाली होती. धाकटीने डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पण देवाचं कसं असतं, आभार लवकर मानले की तो म्हणतो, थांब, अजून कथा बाकी आहे.

* * *

संगणकाच्या कॅबिनेटचा मागचा पत्रा काढला आणि धाकटीचा हात तिथेच थांबला.

वायरी. संगणक जुळवला तेव्हा त्या सगळ्या लोंबत होत्या. बाबा चहाचा पेला घेऊन मागे उभे राहिले होते आणि म्हणाले होते, “काय गं हे, पोट फाडल्यासारखं! सरक.” मग त्यांनी मेणाचा दोरा घेतला आणि पुस्तकाच्या पाठीवर घालतात तशी गाठीला गाठ लावत सगळ्या वायरी पत्र्याला शिवून टाकल्या. शिवताना सगळा वेळ बोलत होते. कुणाचं तरी लग्न कसं मोडलं, कुणाचं पुस्तक कसं उलटं बांधलं गेलं. शेवटची गाठ मारून म्हणाले होते, “आता माझ्या पश्चात सोडायची.” तेव्हा आवाज होता. ती गाठ त्या आवाजासकट मारलेली होती.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“जुना सप्लाय काढायचा तर वायरीही काढाव्या लागतील. नव्याच्या पिशवीत त्याच्या वेगळ्या आल्यात.”

दादाने वाकून पाहिलं. जुन्या सप्लायच्या वायरी दोन्ही टोकांनी निघणाऱ्या होत्या. एक टोक सप्लायमध्ये, दुसरं संगणकाच्या अवयवांत.

“मग सोडायचं कशाला? या टोकाने उपट आणि नव्यात खोच. कंपनी एकच. टोकं बघ, तशीच आहेत. एवढी सुंदर शिवण कापणार होतीस?”

नव्हतीच कापणार. तिला तेच ऐकायचं होतं. तिने टोकं काढली, जुना ठोकळा बाहेर ओढला, नवा आत सरकवून स्क्रू आवळले. मग जुनी टोकं एकेक करून नव्यात बसवली. टक्, टक्, टक्. प्रत्येक टोक असं बसलं की जणू त्याच्यासाठीच ती जागा होती.

नव्या वायरींची पिशवी तिने आईच्या मांडीवर ठेवली. आई प्रवासाचे कपडे घालून तयार होती, दादाने तिला मघाशीच खोलीत आणून बसवलं होतं. “सांभाळ गं जरा.”

“सामानाचं सामान सांभाळायला बसवलंय,” आई म्हणाली. तिने पिशवीची दोरी ओढली, हात आत घातला, एक नवी वायर काढली. एका हातात खणातली जुनी, एका हातात ही नवी.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. आत येत नव्हते.

बाहेरचा उजेड पिवळा झाला होता. दादा भिंतीशी गेला. बोट बटणावर ठेवलं.

“दाबू?”

“एक मिनिट. कार्डाची वायर पुन्हा बघते.”

“अगं, उजेड चाललाय.”

“ए,” आई म्हणाली, “या दोघी सख्ख्या बहिणी ना?”

“कोण, आई?”

“वायरी गं. दोघींना सहा सहा घरं. दोघींचं एकेक घर रिकामं, दात पडल्यासारखं. पण टोकाची अडकवायची कडी वर धरली, तर हिचा दात इकडचा पडलाय नि तिचा पार तिकडचा.”

“आई, नंतर बघू.”

“नंतर कधी? मी काय कुठे चाललेय? चाललेय म्हणा खरी.”

“हं, दाबतो,” दादा म्हणाला.

“थांब!”

धाकटीला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. दादाचं बोट बटणापासून असं उडालं, जसं काही तेच तापलं होतं.

ती आईपाशी गुडघ्यांवर बसली. दोन्ही टोकं तिच्या बोटांतून घेतली, खिडकीपाशी उजेडात धरली. आकार एक. कडी एक. सहा घरं. जुन्या टोकात वरच्या ओळीतलं कडेचं घर रिकामं, नव्यात खालच्या ओळीतलं, दुसऱ्या कडेचं. रिकामं घरच जर वेगळं, तर मग बाकीच्या पाच घरांतल्या वायरी कुठे कुठे जात असतील?

तिने दुकानदाराला फोन लावला. “मघाशी साडेसातशेचा नेला ना, ती मी. जुन्याच्या वायरी नव्याला लावल्या तर चालतील का? एकाच कंपनीच्या आहेत.”

“बटण दाबलंत?” दुकानदाराने उलट विचारलं.

“नाही.”

दुकानदाराने सोडलेला श्वास फोनमधून ऐकू आला. “बाई, काढा त्या आधी. काढा. टोकं सगळ्यांची सगळ्यांत बसतात, तीच तर गोम आहे. सप्लायच्या बाजूची वाट प्रत्येक जातीला वेगळी असते. कंपनी एक असली म्हणून काय झालं? पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले असते.”

“मग काय झालं असतं?”

“काही नाही. हार्ड डिस्क गेल्या असत्या. आवाजसुद्धा न करता.”

धाकटी जमिनीवरच बसली. बाबांची वाक्यं तिने एकावर विसंबून ठेवली नव्हती. शहाणपणाने दोन प्रती केल्या होत्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. आणि त्या दोन्ही डिस्क याच कॅबिनेटमध्ये एकाखाली एक, एकाच जुन्या वायरीवर लटकत होत्या. दोन कंदील, आणि दोन्ही एकाच खिळ्याला.

बाबांना ती वाक्यं पुन्हा वाचायला सांगता येणार नव्हतं. या जन्मात नाही.

“मी दाबणार होतो,” दादा भिंतीशी उभा राहून म्हणाला. “मीच म्हणालो ना खोच म्हणून. मी दाबलंच होतं जवळजवळ.”

“दोघांनी मिळून माती खाल्ली,” आई म्हणाली. तिला पुरतं काही कळलं नव्हतं, पण खोलीतली हवा बदलल्याचं कळलं होतं. “आता पुढे काय करायचं ते बोला.”

“शिवण कापायची,” धाकटी म्हणाली. तिने कात्री घेतली, पहिल्या गाठीपाशी नेली, आणि हात तिथेच राहिला. मेण चकाकत होतं. गाठी कशा एका ओळीत, एकीसारखी एक. कात्रीची पाती उघडी, आणि मिटता मिटेनात.

तेव्हा बाबा आत आले.

त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून टेबलावर ठेवली. स्वतःची पातळ सुरी घेतली, खाली बसले, आणि एकही वायर न दुखावता पहिली गाठ उडवली. मग दुसरी. तिसरी. पुस्तक नव्याने बांधायचं असेल तर जुनी शिवण पहिल्यांदा काढतात, त्यात त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. आजही चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळा दोरा निघाला तेव्हा त्यांनी तो बोटांवर गुंडाळला आणि, कितीतरी दिवसांनी आईच्या इतक्या जवळ जाऊन, तिच्या बऱ्या हातात ठेवला.

आईने तो नाकाशी नेला. “मेण,” ती म्हणाली.

* * *

नव्या वायरी लागल्या. या वेळी दोघांनी प्रत्येक टोक दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा आईच्या बोटांनी. वायरी पोट फाडल्यासारख्या लोंबत होत्या.

दादाने भिंतीतलं बटण दाबताना डोळे मिटले.

दिवा लागला. कार्डाचे पंखे गुरगुरले.

“धाकटे, नव्याचा पंखा फिरत नाहीये!”

तिने पिशवीतला बारीक अक्षरांचा कागद शोधला, ज्याला तोवर कुणी हात लावला नव्हता. थंड असताना पंखा बंदच राहतो, तापला की फिरतो, असं तिथे लिहिलं होतं. आणि त्याच्या वरच, ठळक अक्षरांत, सोबतच्या वायरींशिवाय दुसऱ्या लावू नयेत असंही.

डिस्क दिसल्या. एक, आणि दुसरी. धाकटीने आधी दादाच्या गाडीतली गाण्यांची छोटी डिस्क मागून घेतली, सगळी वाक्यं तिच्यावर उतरवली, आणि ती दादाच्या खिशात घातली. “ही तुझ्या घरी राहू दे.”

मग शिकवणी सुरू केली.

पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरू लागली. कार्डाने जोर धरला, खोलीत ऊब पसरली, नव्या सप्लायचा पंखा फिरू लागला. जिथे संगणकाने आधी दर वेळी मान टाकली होती ती जागा जवळ आली. धाकटीचे ओठ हलत होते. नामस्मरण होतं की वॅटांची बेरीज, तिचं तिला ठाऊक. दादा उभाच. आईने दोरा बोटांभोवती घट्ट आवळला होता.

पट्टी त्या जागेपाशी आली. पंख्यांचा आवाज चढला. आणखी चढला.

आणि पट्टी पुढे गेली.

“गेली का?” आईने विचारलं.

“पुढे गेली, आई.”

“मग नीट सांगा की. माझा जीव गेला ना इकडे.”

पट्टी पुरी भरली तेव्हा खिडकीत उजेडाची शेवटची पुसट रेघ उरली होती. दादाने दिवा लावला, घड्याळ पाहिलं, आणि बाबांसाठी खुर्ची ओढली. बाबांनी एकेका बोटाने टाइप केलं. मोठ्या डब्यासारख्या स्पीकरमधून क्षणभर खरखर आली.

“दोरा फेकू नका. पुन्हा लागेल.”

तो बाबांचाच आवाज होता. शेवटच्या शब्दाला किंचित खाली बसणारा. दादाने तोंड फिरवून खिडकीकडे केलं.

आईने दोरा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “हा सकाळचा आवाज आहे. चहाच्या आधीचा.” आणि डोळे पुसत, “मला हाक मारा पाहू.”

“अगं,” स्पीकर म्हणाला.

“शी! असं काय, शाळेत धडा वाचल्यासारखं? मला कधी अशी हाक मारली होती का यांनी?”

बाबांनी एकदा टेबल वाजवलं, मग दोनदा, मग वैतागून हातच उडवला. धाकटीला हसू आलं. तिने रागावण्याची वाक्यं निवडून त्या चालीवर एक हाक जुळवली, आणि कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या एका बटणावर लाल कागदाचा तुकडा चिकटवला. “बाबा, घाईच्या वेळी टाइप करायला नको. हे एकच दाबायचं. उद्या हेच सगळं फोनवर घालून देते, गळ्यात अडकवा.”

बाबांनी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं. दाबलं नाही. पाटी ओढून त्यांनी दादापुढे काही लिहिलं. दादाने वाचलं आणि हळूच मान हलवली.

“काय लिहिलं?” धाकटीने विचारलं.

“यंत्र खोलीत आहे, भांडी घरभर आहेत, म्हणतात. घेऊन जा.” दादाने बॅग जवळ ओढली. “ते चुकीचं नाही बोलत. गळ्यात फोन आला तरी वेळेवर हाक पोचली नाही तर? आई, निघू या, अंधारात गाडी हळू नेतो. रविवारी आणतो परत भेटायला.”

त्याने बॅग भरली, चेन लावली, आणि गाडीचं दार उघडायला गेला. जाताना बॅग दारात टेकवून गेला.

आई उठली. “चला. तोंड मिळालं, तर घर सुटलं. हिशोब देव चोख ठेवतो.” कुणाचा हात तिने मागितला नाही. ही खोली तिला पाठ होती. टेबलाची कड, खुर्चीची पाठ, मग पाच-सहा मोकळी पावलं, मग दार. ती नेहमीच्या चालीने निघाली. रागात होती म्हणून जरा जास्तच तरातरा.

धाकटी खाली वाकून पत्रा लावत होती. तिने पाहिलं नाही.

बाबांनी पाहिलं.

त्यांचं तोंड उघडलं, जुनी सवय. हवा. आणि मग हात लाल तुकड्यावर पडला. पंखे एकदम घुमले, कार्डाने एक मोठा घोट घेतला, आणि सप्लायने तो दिला.

“अगं ए! थांब!”

घर दणाणलं. आई जागच्या जागी थबकली. उचललेलं पाऊल हवेतच. पाऊलभर पुढे बॅग.

बाहेरून दादा धावत आला आणि दारात उभा राहिला. कुणी हललं नाही. संगणक चालू होता.

आईने पाऊल हळूच मागे टेकवलं. मान आवाजाच्या दिशेला वळवली. “हं,” ती म्हणाली. “अशी.” मग दाराकडे तोंड करून, “पुढे काय आहे रे?”

“तुझी बॅग, आई.”

“मग उचल की वाटेतून. आत नेऊन ठेव. पाय अडकून पडेन ना मी.”

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांचं बोट अजून लाल तुकड्यावरच होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलावर एकदाच वाजवलं.